पत्र्याखालचा झोका

"नाव घे गं सूनबाई! नाव घेतल्याबिगर झोका खाली येनार न्हाई!"

सकाळी हॉलचं शटर वर सरकवलं की शर्मिलाला हा आवाज ऐकू येतो. दिवे लावलेले नसतात, हवेच्या किल्ल्याचे पंखे सुरू झालेले नसतात, गाणी वाजत नसतात. पत्र्याच्या उंच छपराखाली नुसती शांतता उभी असते, आणि त्या शांततेत तो आवाज. खणखणीत, एका बांधावरून निघून चार बांध ओलांडणारा. तिच्या सासूबाईंचा, मथुराबाईंचा.

तेव्हा ती या घरात नवी होती. पहिली पंचमी. माहेर खराडीला. भाऊ न्यायला येणार होता, पण खराडीहून धायरीला यायचं म्हणजे अख्खं पुणं ओलांडायचं; तो दुपारपर्यंत काही पोचला नाही. मग मथुराबाईंनी तिला हाताला धरून चिंचेखाली नेलं. गावठाणातल्या बायका जमल्या होत्या. आडव्या फांदीला जाड दोर, दोराला पाट. तिला पाटावर उभं केलं आणि दोघींनी झोका असा चढवला, की वर गेली की दूरच्या इमारतींचे सांगाडे दिसायचे आणि खाली आली की हसणाऱ्या बायकांची तोंडं.

झोका जातो वर गं, वारा पदरात शिरं
नाव घेतल्याबिगर, झोका माघारी ना फिरं

बायका गात होत्या, आणि खालून सासूबाई ओरडत होत्या, नाव घे, नाव घे. शर्मिलाने डोळे मिटून सुचेल ते ओरडून टाकलं : "हिंजवडीच्या रस्त्याला गाड्यांची रांग, सौरभरावांचं नाव घेते, झोक्या आता थांब!"

"यमक काय जुळलं न्हाई," मथुराबाई म्हणाल्या, "पर पोरगी घाबरलीया. उतरवा!"

बांधावर उभा राहून सौरभ पोट धरधरून हसत होता.

आता ती चिंच नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा गेली. सौरभही नाही. आणि तो गेला त्या दिवसापासून मथुराबाईंचा तो मोठा आवाज कुणी ऐकलेला नाही.

*

हॉलचं नाव 'हुंदडा'. ते सौरभनंच ठेवलेलं. तो हिंजवडीत नोकरीला होता. कंपनीच्या सहलीत असाच एक खेळांचा हॉल पाहून आला आणि रात्री जेवता जेवता वडिलांना, गेनबांना म्हणाला, "आबा, रस्त्याकडेची जमीन विकायची नाही."

"का? काय पेरनार हायस?"

"पोरं."

गेनबा हातातला घास तसाच धरून लेकाकडे बघत राहिले. "त्याला जमीन लागत न्हाई," ते म्हणाले. शर्मिलाने तोंडाला पदर लावून स्वयंपाकघर गाठलं होतं.

पण सौरभ मनातलं बोलत होता. "आबा, आपल्या वावरात, कॅनॉलवर आम्ही दिवसभर उधळलो. आता तिथं बिल्डिंगा झाल्या. त्यातली पोरं कुठं हुंदडणार? पार्किंगमध्ये?"

मग पत्र्याचा मोठा हॉल उभा राहिला. आत उड्या मारायचे ट्रॅम्पोलीन, रंगीत चेंडूंचा हौद, हवा भरलेला किल्ला, आणि छपरापर्यंत चढत गेलेला जाळ्यांचा, बोगद्यांचा भुलभुलैया. त्याच्या अगदी टोकाला एक पिवळी घुमटी. तिथं पोचलं की अख्खा हॉल पायाखाली दिसतो. पोरं खेळत असताना आईबापांनी बसावं म्हणून एका कोपऱ्यात अंग दाबून देणारी विजेची खुर्ची ठेवली. ती गेनबांनी ताब्यात घेतली. सकाळी येऊन बसायचे ते जेवायलाच उठायचे. कामाला लागलेल्या एका नव्या पोराने त्यांच्याकडे कूपन मागितलं तर म्हणाले, "ह्या जागी मी वांगी लावलीत. माझ्या वांग्यांवर बसायला मला कूपन लागतंय व्हय?"

सौरभनं हॉलमध्ये एक रीत घातली होती. ज्याचा वाढदिवस असेल त्या पोराला मधोमध उभं करायचं, खेळ थांबवायचे, आणि माईकवरून त्याचं पूर्ण नाव घ्यायचं. नाव, मधलं नाव, आडनाव. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. तो म्हणायचा, "शाळेत पूर्ण नाव घेतलं की पोरगं घाबरून हजर म्हणतं. एकदा तरी पूर्ण नावाला टाळ्या मिळू देत की."

काउंटरवरची दीपाली त्यामुळे प्रत्येकाला मधलं नाव विचारायची. कुणी बंगळूरकडचे, कुणी पाटण्याकडचे, मधल्या नावाची भानगडच नसलेले. त्यांनाही गंमत वाटायची. एकदा एक बाई काउंटरशी घुटमळली आणि हळूच म्हणाली, "मधलं नाव माझं लावलं तर चालेल का?" चाललं. त्या दिवशी टाळ्या जरा जास्तच वेळ वाजल्या.

संस्कृती नुकती बोलायला लागली होती, तेव्हा एका दुपारी ऑफिसातच सौरभच्या छातीत कळ आली आणि तो गेला. शर्मिलाने आपली नोकरी सोडून हॉल हातात घेतला. माईकची रीत तशीच ठेवली.

घरात मात्र वेगळीच रीत पडली. मथुराबाईंनी कुणाला बजावलं नव्हतं, कुणावर रागावल्या नव्हत्या. पण सौरभचं नाव निघालं की त्या उठायच्या. हातातलं काम तसंच टाकून, काहीतरी आणायला गेल्यासारख्या. एका लग्नात भरल्या पंगतीत कुणी म्हणालं, आमचा सौरभ असता तर. मथुराबाई वाढलेल्या पानावरून उठल्या आणि थेट रिक्षात जाऊन बसल्या. मग हळूहळू सगळे ते नाव टाळायला लागले. गेनबा 'आपला' म्हणायचे. शर्मिला 'हे' म्हणायची. आणि 'हुंदडा'त मथुराबाई पाऊल टाकत नव्हत्या. भाजीला जाताना समोरून जायच्या, तेव्हा रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने.

*

"मम्मी, मागच्या वर्षी तू माझं अर्धंच नाव घेतलंस."

संस्कृती तिसरीत होती. काउंटरवर बसून पोरांच्या मनगटांना कागदी पट्टे लावायचं काम तिला फार आवडायचं. आत्ताही एक पट्टा स्वतःच्याच हाताला गुंडाळत होती.

"अर्धं कुठं? संस्कृती. अख्खं घेतलं."

"कियानचं पूर्ण घेतलं. वॉचमनकाकांच्या गुडियाचं पूर्ण घेतलं. आपलाच हॉल आणि माझंच अर्धं."

मागच्या वाढदिवसाला हौसेनं माईक शर्मिलानेच हातात घेतला होता. पण घरची सवय जिभेवर बसलेली. पहिलं नाव झालं आणि पुढचं आलंच नाही. तिने घाईघाईने टाळ्या सुरू केल्या होत्या. पोरीच्या लक्षात आलं नसेल, असं तिला वाटलं होतं.

"बरं," ती म्हणाली. "या वर्षी पूर्ण घेऊ."

"आणि आजी?"

"आजी हॉलवर येत नाही, बाळा. आजीसाठी घरी करू."

"नाही. आजीपण पाहिजे, नावपण पाहिजे."

"दोन्ही एकदम..."

"दोन्ही," संस्कृती म्हणाली, आणि पट्टा दातांनी तोडला.

त्या संध्याकाळी शर्मिलाने धीर केला. मथुराबाई ओट्याशी उभ्या राहून हरभऱ्याची डाळ निवडत होत्या.

"आई, संस्कृतीच्या वाढदिवसाला तुम्ही हॉलवर याल का?"

"मी कशाला तितं? लई गोंगाट आस्तो. तिला म्हनावं, आजी दिंडं करून ठिवती."

पुरणाची दिंडं मथुराबाईंची. संस्कृतीचा जन्म नागपंचमीचा, त्यामुळे आजीच्या हिशेबात तिचा वाढदिवस तारखेला नसायचाच, पंचमीला असायचा; आणि पंचमीला दिंडं.

"ती म्हणते, तिचं पूर्ण नाव..." शर्मिलाने वाक्य पुरं केलं नाही. मथुराबाईंनी डाळीचं ताट खाली ठेवलं होतं.

"वाळत घातलेलं आत आनते," त्या म्हणाल्या आणि गॅलरीत गेल्या. कपडे ओलेच होते. ते काढून, घडी घालून त्यांनी पलंगावर ठेवले. शर्मिलाने नंतर ते पुन्हा दोरीवर घातले.

*

तोड काढली ती संस्कृतीनेच. देवळाच्या पायऱ्यांवर चंद्रभागाकाकू बायकांना ऐकवत बसल्या होत्या. चंद्रभागाकाकू म्हणजे मथुराबाईंच्या जुन्या मैत्रीण, गावठाणातल्या सगळ्या बायकांच्या म्होरक्या.

"औंदा बी झोका न्हाई. चिंच ग्येली, वड ग्येला. आता काय सोसायटीच्या गेटाला बांधायचा? वॉचमन म्हनंल, झोक्यावर बसायच्या आदी एन्ट्री करा."

"आमच्या हॉलमध्ये बांधा," संस्कृती म्हणाली. "आमचा पत्रा खूप उंच आहे. आणि माझा वाढदिवस पण पंचमीलाच करायचाय."

काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. पोरगी कुणाला आणायला बघतेय ते त्यांना कळलं असावं. "आजी येईल का तुजी?"

"तुम्ही गाणी म्हटली तर येईल."

शर्मिलाने होकार दिला. छपराच्या लोखंडी तुळईला दोर बांधला गेला. गेनबांनी खुर्चीतूनच देखरेख केली. "गाठ आवळ. अजून आवळ. चंद्राबाई बसनार हायेत, चिमनी न्हाई."

मग दीपालीला केकची आठवण झाली. "मॅडम, केक कुठला सांगू?"

"केक कसला?" गेनबा म्हणाले. "पंचमीला सुरी चालत न्हाई. चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई."

"मग केक?"

"चावून खा."

शेवटी ठरलं, दिंडावर मेणबत्ती लावायची. दिंड वाफवलेलं असतं, मोडून खाता येतं. पंचमीचा नेमही राहतो आणि पोरीची हौसही. दीपालीला हे इतकं आवडलं की तिने काउंटरवर पाटीच लिहिली : आज केक नाही, दिंडं आहेत.

*

पंचमीच्या दुपारी हॉलमध्ये जे दिसलं ते सौरभला पाहायला मिळायला हवं होतं.

'हुंदडा'चा नियम कडक : चपला बाहेर, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाच्या पायात रबरी ठिपक्यांचे मोजे. दीपालीने नियम कुणालाही सोडला नाही. नऊवारीतल्या बायका बाकावर ओळीने बसून एकमेकींच्या पायात लाल-निळे मोजे चढवत होत्या.

"अगं हे उलटं घातलंस. ठिपकं खाली."

"ठिपकं कशाला?"

"घसरू ने म्हनून."

"साठ वरसं चिखलात उभी ऱ्हायले, तवा नाय घसरले."

आत गेल्यावर मात्र कुणाचं वय राहिलं नाही. चंद्रभागाकाकू आधी ट्रॅम्पोलीनच्या कडेला बसल्या, मग उभ्या राहिल्या, मग एक बारीकशी उडी मारून बघितली. दुसऱ्या उडीला त्यांच्या तोंडून जो चीत्कार निघाला, त्याने भुलभुलैयातली पोरं जाळीला तोंडं लावून बघायला लागली. शेजारच्या सोसायटीतल्या जीन्समधल्या बायका मोबाइल काढून उभ्या होत्या. थोड्या वेळाने मोबाइल खिशात गेले आणि त्याही रांगेत आल्या. झोका हलायला लागला. काकूंनी गाणं उचललं, जागच्या जागी जुळवलेलं.

चिंच गेली रस्त्यापायी, झोका आला पत्र्याखाली
घर बदललं पाखरानं, बोली न्हाई बदलली

झोक्यावर बसणारीला नाव घ्यावंच लागत होतं. एका संगणकवाल्या पोरीने नवऱ्याचं नाव सरळ हाक मारल्यासारखं घेतलं, तर काकू म्हणाल्या, "आसं न्हाई. वळन देऊन घे. नाव काय कुरिअर हाय, घ्या आन् सही करा?"

मथुराबाई आल्या नव्हत्या.

संस्कृती नव्या फ्रॉकमध्ये शटरपाशी आत-बाहेर करत होती. मग ती आजोबांच्या कानात काहीतरी बोलली. गेनबांनी खुर्ची बंद केली. हेच नवल होतं. खिशातून फोन काढून त्यांनी कानाला लावला. "आगं, दिंडं घरीच ऱ्हायली. पातेलं घिऊन ये... मी? मी कसा येऊ, माजी पाठ चाललीया ना हितं." फोन ठेवून त्यांनी खुर्ची पुन्हा सुरू केली.

थोड्या वेळाने मथुराबाई दारात दिसल्या. डोक्यावर पदर, कमरेवर पातेलं, पातेल्यावर ओलं फडकं. दीपालीने पातेलं घेतलं. मथुराबाई वळल्या असत्या, पण नेमका तेव्हाच बायकांनी गाण्याचं पुढचं कडवं उचललं, आणि त्यांचा पाय जागीच अडखळला. त्या चपला काढून तिथल्याच बाकावर टेकल्या. आत पाठ, बाहेर तोंड.

"मथुरे!" काकूंनी आतून बघितलं. "पावनीसारकी दारात काय बसतीस? आत ये!"

"हितंच बरी हाय."

"मंग तितनंच नाव घे! झोका ऐकल."

बायकांनी गलका केला. मथुराबाईंनी मान वळवली, कोपऱ्यातल्या खुर्चीकडे एक नजर टाकली, आणि पदराआडून म्हणाल्या,

"खुर्ची दाबती पाय, खुर्ची दाबती पाठ
गेनबारावांना आता बायकोची कशाला वाट?"

हॉल हसून कोसळला. गेनबा खुर्चीत अवघडून बसले आणि म्हणाले, "यमक जुळलंय." शर्मिलाने सासूबाईंकडे बघितलं. त्या हसत होत्या. आवाज लहानच होता, पण त्यात जुनं काहीतरी हललं होतं.

आता वेळ झाली होती. मेणबत्ती दिंडावर उभी केली. दीपालीने माईक शर्मिलाच्या हातात दिला. "बर्थडे गर्ल कुठंय?"

"मी इथंय!"

सगळ्यांनी वर पाहिलं. भुलभुलैयाच्या टोकाशी, पिवळ्या घुमटीतून संस्कृतीचं तोंड डोकावत होतं.

"खाली ये बाळा, दिंड मोडायचंय."

"नाव घेतल्याशिवाय मी खाली येणार नाही!" ती ओरडली. "पूर्ण नाव!"

बायका आधी हसल्या. मग जुन्या बायका हळूहळू गप्प झाल्या, कारण त्यांना माहीत होतं. चंद्रभागाकाकूंनी झोक्याचा दोर हाताने धरून थांबवला.

शर्मिलाने माईक तोंडाशी नेला. "संस्कृती..." ती म्हणाली, आणि तिची नजर दाराकडे गेली. मथुराबाई बाकावरून उठल्या होत्या. एक चप्पल पायात सरकवली होती, दुसरी शोधत होत्या.

शर्मिलाने माईक खाली केला, दीपालीच्या हातात दिला आणि दाराशी गेली.

"आई, थांबा. मी नाही घेत नाव. जाऊ नका."

"घे की. तुजं लेकरू, तुजा नवरा. मी कोन अडिवनार?"

"तुम्ही उठून गेल्यावर तिला नाव मिळून काय उपयोग?"

मथुराबाई पुन्हा खाली बसल्या. एका पायात चप्पल, एक पाय उघडा. शर्मिला शेजारी बसली. पाठीमागे हवेचा किल्ला घुरघुरत होता, स्पीकरवरची गाणी चालूच होती. त्या आवाजात दोघींचं बोलणं दोघींपुरतं राहिलं.

"तुम्हाला त्रास होतो, ठाऊक आहे मला," शर्मिला म्हणाली. "मला वाटायचं, तुम्ही विसरायला बघताय. म्हणून आम्ही सगळे गप्प बसायला शिकलो."

"इसरायला?" मथुराबाईंनी तिच्याकडे बघितलं, जणू शर्मिला परक्या भाषेत बोलली होती. मग त्यांनी आत पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हॉल नीट पाहिला, छपरापासून जमिनीपर्यंत.

"हितं बांध व्हता," त्या म्हणाल्या. "त्यो झोका बांधलाय ना, तितं. दिस कलला की मी बांधावं उभी ऱ्हाऊन हाक मारायची. उसात आसू दे, कॅनॉलवं आसू दे, कुनाच्या बी आंब्यावं आसू दे. एक हाक, आन् तिकडनं 'आलोऽऽ'. यायला येळ लावायचा, पर ओ द्यायचाच. हाक मारली आन् ओ आली न्हाई, आसं कंदी झालं न्हाई."

शर्मिलाने झोक्याकडे पाहिलं.

"म्हनून म्या हाकच मारली न्हाई, पोरी. त्या दिसापासनं. हाक न्हाई मारली तंवर कसं... आसंल कुटंतरी, खेळत आसंल, म्हनता येतं. दुसऱ्यानं नाव घ्येतलं तरी जीव दचकतो, की आता ओ यायला पायजे. आन् न्हाई आली, मंग?" त्यांनी उघड्या पायाची बोटं जमिनीवर घासली. "मंग संपलंच ना."

मोजे घातलेली दोन पोरं त्यांच्यासमोरून धावत गेली. मागून कुणाची तरी आई, "आरव, पाणी पिऊन जा!" म्हणत गेली, आणि लांबून "आलो!" असा आवाज आला. मथुराबाईंनी त्या दिशेला बघितलं. बघतच राहिल्या.

"आई," शर्मिला म्हणाली, "संपूर्ण नाव घेतलं तर ओ देणारं आहे की. ती वर बसलीय. तिच्या नावात ते आहेत. ती त्यांच्यासकट ओ देईल."

मथुराबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"लई उंच जाऊन बसलीया," त्या म्हणाल्या.

"तुमचीच नात. नाव घेतल्याशिवाय झोका खाली येत नाही, हे तिला मी नाही शिकवलं."

मथुराबाईंनी पायातली चप्पल काढली, ती बाकाखाली नीट लावली आणि हात पुढे केला. "दे ते मोजं."

दीपालीने मोजे आणले. लाल. शर्मिलाने जमिनीवर बसून ते सासूबाईंच्या पायात चढवले, टाचांच्या भेगांना लागू नयेत म्हणून हळूहळू, ठिपके खाली. मथुराबाई उभ्या राहिल्या आणि आत आल्या. बायकांनी वाट करून दिली. कुणी काही बोललं नाही. चंद्रभागाकाकूंनीसुद्धा नाही, आणि त्यांना ते किती जड गेलं असेल ते त्यांच्या गालांवरून दिसत होतं.

झोक्याजवळ येऊन त्या थांबल्या. एका हाताने दोर धरला. वर पाहिलं. घुमटीतलं तोंड त्यांच्याकडे टक लावून बघत होतं.

दीपालीने माईक पुढे केला. मथुराबाईंनी तो हाताने बाजूला सारला. "मला कशाला भोंगा?"

शर्मिलाच्या मग ध्यानात आलं. ती भिंतीकडे गेली. "दीपाली, किल्ल्यातली पोरं बाहेर काढ आधी." पोरं निघाली. मग तिने एकामागून एक बटणं खाली केली. गाणी थांबली. चमकणारे खेळ विझले. शेवटी किल्ल्याचे पंखे बंद झाले, आणि तो मोठा रंगीत किल्ला उसासा टाकून बुरुज मुडपत हळूहळू खाली बसला. गेनबांनी आपण होऊन खुर्ची बंद केली आणि तिच्यातून उठून उभे राहिले.

पत्र्याच्या उंच छपराखाली सकाळची ती शांतता पुन्हा उभी राहिली. पण आता तिच्यात माणसं होती. गावठाणातल्या, सोसायट्यांतल्या, कडेवरच्या लेकरांना थोपटत उभ्या असलेल्या. शर्मिलाने बटणांवरचा हात काढला नाही.

"आजी," वरून बारीक आवाज आला, "मी ओ देईन. तू घे."

मथुराबाईंनी दोर सोडला. पदर कमरेला खोचला. दोन्ही हात तोंडाभोवती धरले, बांधावर उभं राहून धरत असत तसे. छाती भरून श्वास घेतला, आणि कितीतरी पंचम्या मागे राहिलेला तो आवाज चार बांध ओलांडून पत्र्याला जाऊन भिडला :

"संस्कृतीऽऽऽ... सौरऽऽऽभ... कामठेऽऽऽ!"